घरात पाणी शिरलं तर विमा नक्की कशाचे पैसे देतो? वाचकांचे प्रश्न

मे महिना संपत आला की या सदरात पाण्याचे प्रश्न यायला लागतात. यंदाची बहुतेक पत्रं नौपाडा, कळवा, बेलापूर, नेरूळ, पनवेल इकडची आहेत. वाचताना सारखं जाणवत होतं की बऱ्याच जणांकडे विम्याचा कसला ना कसला कागद आहे, पण तो घराचा आहे, कर्जाचा आहे की सोसायटीचा, हे पाणी आल्याशिवाय कोणी उघडून बघत नाही, आणि मग चिखल काढता काढता कळतं की आपण जो समजत होतो तो विमा हा नव्हताच. मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून यावेळचं अख्खं सदर याच विषयाला दिलंय. पत्रं जागेसाठी थोडी छोटी केली आहेत, नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई, आम्ही नौपाड्यात चिखलवाडीजवळ तळमजल्यावर राहतो. मोठा पाऊस झाला की उंबऱ्यापर्यंत पाणी ठरलेलं, एक-दोनदा घरातही आलंय. होम लोन घेतलं तेव्हा बँकेने विम्याचे म्हणून ७२ हजार लोनमध्येच ॲड केले होते. मिस्टर म्हणतात आपला विमा आहे की, परत वेगळा कशाला काढायचा. तर पुराचं नुकसान त्यात मिळेल का?

उत्तर: ताई, आधी तो कागद कपाटातून काढा आणि वर कंपनीचं नाव बघा. नावात "लाइफ इन्शुरन्स" असेल तर तो तुमच्या घराचा विमा नाहीच. तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा आहे, म्हणजे कर्ज घेणाऱ्याचं काही बरंवाईट झालं तर राहिलेलं कर्ज ती कंपनी फेडणार. चांगली गोष्ट आहे ती, बंद करू नका, पण घरात गुडघाभर पाणी आलं तर त्यातून एक रुपया मिळणार नाही. एकरकमी मोठी रक्कम लोनमध्ये ॲड झाली असेल तर बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. शंभरातले किती जण या दोन्हीची गल्लत करतात ते मी सांगू शकत नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हा घोळ सगळ्यात जास्त असतो.

नावात "जनरल इन्शुरन्स" असेल आणि आत तुमच्या घराचा पत्ता विम्याची जागा म्हणून लिहिलेला असेल, तर तो घराचा विमा. मग तीन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे मुदत, कारण बँकेने सुरुवातीला काढलेली पॉलिसी संपून जाते आणि कोणी आठवण करत नाही. दुसरं, विमा फक्त बांधकामाचा आहे की सामानाचा पण. बँकेला तिचं तारण म्हणजे भिंती महत्त्वाच्या, तुमचा फ्रिज आणि गाद्या नाहीत. तिसरं म्हणजे पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर बांधकामाच्या क्लेमच्या पैशावर पहिला हक्क बँकेचा असतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. आणि हो, बँक जिथून सांगेल तिथूनच विमा घ्यायची सक्ती नसते, दुसऱ्या कंपनीचा घराचा विमा चालतो, कोणी काउंटरवर नाही म्हटलं तर लेखी द्या म्हणावं.

तुमच्याकडे घराचा विमा नाही असं निघालं तर "भारत गृह रक्षा" ही पॉलिसी मागा. विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआय, तिने १ एप्रिल २०२१ पासून ही स्टँडर्ड पॉलिसी आणली. घराचा विमा विकणाऱ्या जनरल कंपन्यांना ती ठेवावीच लागते आणि मूळ अटी सगळीकडे सारख्या असतात, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी प्रीमियम विचारून सरळ तुलना करता येते. आग, भूकंप, वीज पडणं, वादळ, पूर, पाणी तुंबून घरात शिरणं, दरड कोसळणं, जमीन खचणं, पाण्याची टाकी किंवा पाईप फुटणं हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे, पुरासाठी वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागत नाही. दरडीचं मुद्दाम लिहिलं, कारण जुलै २०२१ ला कळव्यात घोलाई नगरला दरड पडून माणसं गेली होती, डोंगराच्या कडेला राहणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

अजून एक गोष्ट जी एजंटसुद्धा सांगत नाहीत. घर राहण्यालायक उरलं नाही तर दुसरीकडे भाड्याने राहण्याचा खर्च या पॉलिसीत अटींप्रमाणे मिळतो. आणि पूर आल्यावर घर बंद करून तुम्ही नातेवाईकांकडे गेलात आणि मागे चोरी झाली, तर त्या घटनेपासून ७ दिवसांच्या आतली चोरी पण धरली जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना माहितीय की घर कुलूप लावून चार-पाच दिवस सोडावं लागणं म्हणजे काय असतं.

प्रश्न: मॅडम, आमचं सीबीडी बेलापूरला रो हाऊस आहे, कार्पेट ९०० स्क्वेअर फूट. आजचा भाव दीड कोटीच्या वर जाईल. एजंट म्हणतो ३२ लाखांचा विमा पुरे. मला हे फसवल्यासारखं वाटतंय. कमी रकमेचा विमा काढला की क्लेम कापतात असंही ऐकलंय.

उत्तर: दादा, एजंट बरोबर सांगतोय. दीड कोटीमध्ये जमिनीची आणि बेलापूरच्या पत्त्याची किंमत आहे, आणि पुराने जमीन कुठे जात नाही. विमा असतो तो घर परत बांधायच्या खर्चाचा. कार्पेट एरिया गुणिले तुमच्याकडचा आजचा बांधकामाचा दर. समजा दर ३,५०० रुपये फूट धरला तर ९०० फुटाचे साडेएकतीस लाख झाले. दर किती धरायचा ते एखाद्या कॉन्ट्रॅक्टरला विचारून ठरवा, तुमचं काम भारीतलं असेल तर जास्त धरा. एरिया मात्र खरा लिहा, प्रीमियम वाचवायला कमी लिहिलात तर क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं.

बांधकामाचा विमा घेतला की सामानाचा विमा आपोआप येतो, बांधकामाच्या रकमेच्या २०% आणि जास्तीत जास्त १० लाख. म्हणजे तुमच्या हिशोबात ६ लाख ३० हजार, आणि त्यासाठी सामानाची यादी द्यावी लागत नाही. घरात त्याहून जास्त किमतीचं सामान असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिने, पेंटिंग वगैरेसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. रोख पैसे, चेक, गाडी, स्कूटर हे घराच्या विम्यात येत नाही.

क्लेम कापण्याबद्दल ऐकलंत ते जुन्या पद्धतीच्या पॉलिसीचं खरं होतं. घर ३० लाखांचं, विमा १५ लाखांचा, नुकसान ४ लाखांचं, तर "तुम्ही अर्धाच विमा काढलाय" म्हणून २ लाखच हातात यायचे. भारत गृह रक्षामध्ये ही कपात काढून टाकली आहे, विम्याच्या रकमेपर्यंत जे खरं नुकसान ते मिळतं. मला विचाराल तर सामान्य माणसाच्या बाजूने झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे आणि याचा हवा तेवढा गवगवा झालाच नाही. एकापेक्षा जास्त वर्षांची पॉलिसी घेतलीत, ती १० वर्षांपर्यंत मिळते, तर विम्याची रक्कम दरवर्षी १०% वाढत जाते, दर वर्षी आठवण ठेवायची कटकट नाही.

रो हाऊसवाल्यांसाठी खास. कंपाउंड वॉल, गेट, पाण्याची टाकी, सोलर पॅनल हे बांधकामातच धरलं जातं. बेलापूरला पावसाचं पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीला गेट उघडून खाडीत सोडायची पद्धत आहे, कारण बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. त्या तलावांत गाळ भरलाय, मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आला की पाणी जाणार कुठे? तेव्हा खालच्या सेक्टरमध्ये राहत असाल तर विमा काढाच, मी हे आग्रहाने सांगतेय.

प्रश्न: घोडबंदर रोडला सातव्या मजल्यावर राहतो. गेल्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीतून एवढी ओल आली की बेडरूमचं वुडन फ्लोअरिंग फुगून वर आलं. कंपनीने क्लेम नाकारला, म्हणे हा पूर नाही. पाणी ते पाणीच ना?

उत्तर: तुमचा राग समजतो, पण इथे कंपनीची बाजू बरोबर आहे. विम्यात पाणी कसं आलं यावर सगळं असतं. बाहेर पाणी साचलं, चढलं आणि घरात शिरलं तर तो पूर. वरच्या फ्लॅटची पाईप अचानक फुटली, टाकी ओव्हरफ्लो झाली तर ते पण कव्हर आहे. पण प्लास्टरच्या भेगेतून, खिडकीच्या फटीतून, टेरेसच्या फुटलेल्या वॉटरप्रूफिंगमधून हळूहळू येणारी ओल ही देखभालीची बाब धरतात. बाहेरच्या भिंतीचं काम सोसायटीने करायचं असतं, तुमचं भांडण तिकडे न्या, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

प्रश्न: आमची नेरूळला ६० फ्लॅटची सोसायटी, मी सेक्रेटरी. बेसमेंटला पार्किंग, मीटर रूम आणि पंप खालीच. सोसायटीची पॉलिसी आहे. मेंबर म्हणतात सोसायटीचा विमा आहे तर आमच्या घरांचा पण झाला. गाड्यांचं पण विचारतात.

उत्तर: सेक्रेटरी साहेब, सोसायटीची पॉलिसी म्हणजे इमारत, लिफ्ट, पंप, मीटर रूम, कॉमन वायरिंग. मेंबरच्या घरातला सोफा, टीव्ही, फ्रिज त्यात येत नाही. तो ज्याचा त्याने काढायचा. हे एकदा जनरल बॉडीत स्पष्ट बोला, मिनिट्समध्ये लिहा, नाहीतर पाणी आल्यावर सगळे तुमच्या नावाने ओरडणार.

आता तुमची पॉलिसी उघडा. सोसायट्यांच्या नमुना नियमांत, म्हणजे आदर्श उपविधीत, इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढायला सांगितलंय, म्हणून काही कमिट्या या दोन शब्दांवरच थांबतात. वादळ, पूर, पाणी शिरणं हे पॉलिसीत आहे की प्रीमियम कमी करायला कोणी काढून टाकलंय, ते आधी बघा. इमारतीची रक्कम दहा वर्षांपूर्वीच्या बांधकाम दरावर अडकली नाही ना तेही बघा. लिफ्टची मशिनरी, पंप, जनरेटर यांची रक्कम वेगळी लिहून घ्या, कारण बेसमेंटमध्ये पाणी भरलं की पहिला घाव यांच्यावरच पडतो आणि खर्चही इथेच मोठा येतो. जमलं तर मीटर रूम आणि पंपाचं पॅनल पोडियमवर हलवायचा विषय यंदाच काढा. विम्याने पैसे मिळतील, पण ६० घरं आठवडाभर पाण्याविना आणि लिफ्टविना राहतील त्याचं काय, वरच्या मजल्यावर आजारी म्हातारी माणसं असतात.

गाड्यांचं असं आहे की फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काहीही मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर असेल तर मिळतं, पण इंजिनात पाणी गेलेलं असताना चावी फिरवली आणि इंजिन गेलं, तर इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन असल्याशिवाय कंपनी सहसा हात वर करते. नोटीस बोर्डवर मोठ्या अक्षरात लावा की बुडालेली गाडी कोणी स्टार्ट करायची नाही, टो करूनच बाहेर काढायची.

प्रश्न: कळव्याला भाड्याने राहतो, तळमजला. घर मालकाचं आहे मग मी विमा काढू शकतो का? लॅपटॉपवरच माझं काम चालतं.

उत्तर: काढू शकता. फक्त सामानाचा विमा मिळतो, भाडेकरूसाठी तोच बरोबर. भाडेकरार जवळ ठेवा, बिलांचे फोटो मेलवर टाकून ठेवा. लॅपटॉप घरात असताना पुरात गेला तर सामानात येईल, पण बाहेर नेताना पडला, हरवला तर ते यात नाही.

प्रश्न: आम्ही पाचपाखाडीला राहतो, मुलगी न्यू जर्सीला असते, तिने तिथे बेसमेंटवालं घर घेतलंय. ती म्हणते होमओनर्स पॉलिसी आहे, टेन्शन नाही. २०२१ ला तिथे पूर आला होता म्हणून काळजी वाटते.

उत्तर: काकू, काळजी बरोबर आहे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीत खूप नुकसान झालं होतं. तिथली पद्धत आपल्या उलट आहे. तिकडच्या साध्या होमओनर्स पॉलिसीत पूर नसतोच, त्याचा वेगळा विमा काढावा लागतो. तो बहुतेक लोक एनएफआयपी नावाच्या सरकारी योजनेतून घेतात, ती १९६८ पासून आहे आणि फेमा ही संस्था चालवते. घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख डॉलर, आणि सामानाचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. बेसमेंटमध्ये कव्हर फार मर्यादित असतं, बॉयलर, इलेक्ट्रिक पॅनल असल्या गोष्टी धरतात, पण तिथे ठेवलेला सोफा, टीव्ही, पुस्तकं नाही. मुलीला सांगा की पॉलिसी घेतल्यावर साधारण ३० दिवसांनी लागू होते, वादळाची बातमी आल्यावर घेऊन उपयोग नाही. नवीन कर्जाबरोबरच घेतली तर ही थांबायची अट लागत नाही, म्हणून कर्जाची सही अजून व्हायची असेल तर आत्ताच विचारू दे. फेमाच्या नकाशात घर धोक्याच्या झोनमध्ये नाही म्हणून गाफील राहू नये, त्या झोनच्या बाहेरूनही बरेच क्लेम येतात.

प्रश्न: ताई, आम्ही पनवेलला नदीजवळ राहतो. मागच्या वर्षी रात्री घरात पाणी आलं. सकाळी पाणी उतरल्यावर वास मारायला लागला म्हणून गाद्या, कपाटं, कार्पेट, सगळं पोरांनी बाहेर टाकलं, मनपाची गाडी घेऊन गेली. तीन दिवसांनी नुकसान बघायला कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर आला तेव्हा घर धुऊन पुसून चकाचक. त्याने म्हटलं मी काय बघू? क्लेमचे निम्मे पण मिळाले नाहीत. आम्ही घाण घरात ठेवायची होती का?

उत्तर: नाही हो, घरात लहान मुलं असताना कोणी घाणीत बसून राहणार नाही. पाणी उपसणं, साफ करणं, नुकसान वाढू न देणं हे तर पॉलिसीप्रमाणे आपलं कामच आहे. पण पुरावा ठेवून साफ करायचं, हे कोणीतरी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.

पाणी घरात असताना मेन स्विच बंद, माणसं वर, बाकी काही नाही. उतरल्यावर झाडू हातात घ्यायच्या आधी मोबाईल घ्या. दारापासून सुरू करून एक सलग व्हिडिओ, घराचा नंबर दिसला पाहिजे. मग भिंतीवर पाण्याची जी तपकिरी रेघ राहते तिच्याजवळ मेजर टेप उभी धरून फोटो. सर्व्हेअर सगळ्यात आधी हीच रेघ शोधतो. मी अशा एका पाहणीच्या वेळी हजर होते, त्याने रेघेची उंची मोजली आणि मग वॉशिंग मशीनचं मागचं पत्र्याचं झाकण उघडून मोटर त्या उंचीच्या खाली आहे का बघितलं, प्लगच्या भोकांत बॅटरी मारून गाळ बसलाय का बघितलं, सोफ्याचं खालचं कापड हाताने दाबून बघितलं. म्हणजे त्याला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच पडली नाही, वस्तूच सांगत होत्या. म्हणून रेघ पुसू नका, निदान एका भिंतीवरची तरी.

फ्रिज, एसी, मशीन यांच्या सिरीयल नंबरच्या पट्टीचा फोटो काढा, आणि सुकलं असेल म्हणून चालू करून बघू नका. शॉर्ट सर्किटने उपकरण जळलं तर ते पुराचं नुकसान धरत नाहीत. जे टाकावंच लागेल त्याचा फोटो, कागदावर यादी, गादीचं किंवा कार्पेटचं एक फूटभर कापड कापून पिशवीत ठेवा, आणि टाकायच्या आधी कंपनीला मेल करा की वास येतोय, आरोग्याला धोका आहे, अमुक वस्तू टाकतोय, हरकत असेल तर आजच कळवा. मेलची वेळ हाच तुमचा साक्षीदार. कंपनीला फोन त्याच दिवशी करा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. भारत गृह रक्षामध्ये क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. तलाठी किंवा मनपाचे लोक पंचनाम्याला आले तर त्याची प्रत मागा. सरकारी मदत वेगळी आणि विमा वेगळा, पण परिसरात पाणी होतं हे त्या कागदाने सिद्ध होतं. शेजाऱ्यांचे व्हिडिओ, त्या दिवशीच्या पेपरची बातमी, हे पण जोडा.

आता तुमच्या निम्म्या क्लेमचं. विषय संपलेला नाही. आधी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा आणि कुठली वस्तू का कापली ते ओळीओळीने बघा. त्या गाद्यांची, कपाटांची बिलं, जुने वाढदिवसाचे फोटो ज्यात मागे ते कपाट दिसतंय, दुकानदाराचं पत्र, जे मिळेल ते जमवून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर पण तक्रार नोंदवता येते. कंपनीने एक महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. ५० लाखांपर्यंतचे वाद ते घेतात. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं असतं, म्हणून तुम्ही ती तारीख आजच तपासा. अर्ज मराठीत चालतो की नाही या विचारात थांबू नका, मुलाकडून इंग्रजीत लिहून घ्या आणि ऑनलाइन भरा. फी लागत नाही आणि वकील द्यायचा नसतो, तुमचं म्हणणं तुम्हीच मांडायचं असतं.